एकाच कॉलेजला दिलेला शब्द

रॉनी काच्मारेकला कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत इतके मार्क पडले की ती जिच्याकडे काम करायची त्या वकीलबाईने सगळ्या ऑफिससाठी डोनट मागवले. रॉनीने त्यातला एक साधा, साखर न लावलेला उचलला आणि टाइप करता करता खाल्ला. बस्स, एवढाच सोहळा. "अगं, ओरड तरी!" वकीलबाई म्हणाली. "हो, छान झालं," असं म्हणून रॉनीने पुढच्या फाइलला हात घातला. "छान झालं" हे ती एप्रिलपासून सगळ्यालाच म्हणत होती. एप्रिलमध्ये तिची आई गेली, तेव्हा फादरनी प्रवचन फार सुंदर केलं असं कुणीतरी दफनानंतर म्हणालं, त्यावरही तिचं उत्तर हेच होतं.

आमच्या इरी गावातल्या पूर्वेकडच्या वस्तीत रॉनीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. खरं नाव व्हेरॉनिका, पण त्या नावाने तिला फक्त आई हाक मारायची, तीही चिडली की. लेन आणि डोलोरेस काच्मारेकची ही एकुलती एक. लेनने उभा जन्म रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं, डोलोरेसने शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना वाढलं. रॉनी शिकायला कोलंबसला गेली, तिथेच नोकरीला लागली, एका मुलाबरोबर राहायलाही लागली होती, तेवढ्यात आईला पार्किन्सन निघाला. "दोन महिने येते," म्हणून आली आणि नऊ वर्षं राहिली. तो मुलगा आधी दर शनिवारी यायचा. मग बर्फाचं निमित्त झालं. बर्फ वितळलं, तो काही आला नाही.

आईला कूस बदलता येईना, तेव्हा विमा कंपनीने वर-खाली होणारा पलंग द्यायला नकार दिला. गरज सिद्ध होत नाही म्हणे! रॉनी भडकली. हो, तेव्हा ती भडकायची. तिने अपील केलं, सुनावणीला स्वतः उभी राहिली आणि पलंग मिळवूनच घरी आली. त्या दिवशी फिलिस डीअँजेलो, म्हणजे हीच डोनटवाली वकीलबाई, दुसऱ्या कुणाच्या तरी केससाठी तिथे बाकावर बसली होती. तिने रॉनीला बाहेर गाठलं आणि म्हणाली, "ए मुली, नोकरी पाहिजे का?" तेव्हापासून अर्धा दिवस फिलिसचं ऑफिस आणि उरलेला आख्खा दिवस आई, असं रॉनीचं चाललेलं होतं. दिवसाला दोन अर्धेच असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आई गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही पोरगी आठ दिवस रडेल आणि मोकळी होईल. ती रडलीच नाही. आईच्या कपड्यांच्या घड्या करून तिने चर्चमध्ये दिल्या, पलंग परत पाठवला, खोली पुसून घेतली. लोक म्हणाले, किती खंबीर! खंबीर कसली डोंबलाची. दात काढताना इंजेक्शन देतात आणि आपलाच गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिचं आख्खं अंग झालं होतं. परीक्षेचं खूळ फिलिसने वर्षाआधीच तिच्या डोक्यात घातलं होतं, फी भरून झाली होती, म्हणून ती जाऊन पेपर देऊन आली. कदाचित त्यामुळेच इतके मार्क पडले असतील. तिचा हात एकदाही कापला नाही.

आता मार्क पडले म्हणजे पुढचं आलं. आमच्या देशात कायद्याच्या कॉलेजांची एक अजब पद्धत आहे, तिला अर्ली डिसिजन म्हणतात. कॉलेज म्हणतं, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्हाला शब्द दे. आम्ही घेतलं तर येणार म्हणजे येणारच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेणार, असं सही करून दे. मग आम्ही तुझी आख्खी फी माफ करतो. शब्द एकाच कॉलेजला देता येतो. एकदा दिला की मग उन्हाळ्यात दुसऱ्या कुणी सोन्याचं ताट पुढे केलं तरी तिकडे बघायचं नाही. शहाणी माणसं हे टाळतात. ती चार ठिकाणी साधे अर्ज करतात आणि एकाने देऊ केलेली सूट दुसऱ्याला दाखवत घासाघीस करतात. रॉनीला मात्र शब्द द्यायचीच पद्धत आवडली. आवडली कसली, सोपी वाटली. फी भरायची घरात ऐपत नव्हती, कर्ज काढायला ती तयार नव्हती, हे तर होतंच. पण मुख्य म्हणजे एकदा सही केली की पुढे आपल्याला काही वाटायची गरज नाही, हे तिला बरं वाटलं.

असा शब्द घेऊन पूर्ण फी माफ करणारी, तिच्या मार्कांना साजेशी कॉलेजं दोन. एक हॅलोरन, इथून दोन तासांवर पिट्सबर्गला. दुसरं ब्रेडवेल, खाली नॉर्थ कॅरोलिनात, गाडीने जायचं तर नऊ तास. हॅलोरन म्हणजे दर शुक्रवारी घर, तोच रस्ता, तीच खोली, बापाची जेवणं. ब्रेडवेल म्हणजे घर सुटलं. आणि दोन्हींतलं एक नोव्हेंबरच्या आत ठरवायचं होतं.

शुक्रवारी आमच्या पोलिश क्लबात मासे तळतात. लेन, रॉनी आणि लेनची बहीण जीन यांचं तिथे खिडकीजवळचं टेबल ठरलेलं. जीन आत्या म्हणजे चालतंबोलतं कोर्ट, फक्त पुरावा लागत नाही. ताटं पुढे येताच तिने निकाल दिला.

"पिट्सबर्गच. त्यात विचार कसला करायचा? शुक्रवारी वर्गातून निघालीस की मासे गार व्हायच्या आत इथे."

"दोन तास लागतात, आत्या."

"मग गार खा. पण लेनकडे कोण बघणार? मी? माझे गुडघे बघ जरा."

"तुझे गुडघे कुणी मागितलेत?" लेन म्हणाला.

"तू गप्प बस. तुला मायक्रोवेव्ह लावता येत नाही. डोलोरेस गेली, आता ही पण गेली की तू टोस्ट खाऊन मरशील, आणि वास आला की मलाच यायला लागेल दार उघडायला."

 रॉनी लेनच्या माशावरचं खरपूस तळलेलं आवरण सुरीने सोलून ताटाच्या कडेला काढत होती. तळलेलं हृदयाला चांगलं नाही म्हणून. लेन त्या सोललेल्या, पांढऱ्याफटक माशाकडे बघत बसला. आवरण जीन आत्याने उचलून खाल्लं.

"डॅड, तुला काय वाटतं?"

"तुला पाहिजे ते कर."

हे वाक्य आमच्याकडच्या बापांना कोण शिकवतं देव जाणे! ऐकायला उदार, कामाला शून्य. जिला काही पाहिजेसं वाटतच नाही तिने काय करायचं? रॉनीने मान हलवली आणि स्वतःच्या ताटातली कोबीची कोशिंबीर संपवली.

"फक्त एक," लेन पुढे म्हणाला. "पिट्सबर्गला गेलीस तर त्यांच्या टीमचा स्वेटशर्ट घालून माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही." लेन क्लीव्हलंडच्या टीमवाला. आमच्या गावाला स्वतःची फुटबॉल टीम नाही, तीन बाजूंना तीन शहरं आहेत, आणि त्यापायी सख्खे भाऊ रविवारी वेगवेगळ्या खोल्यांत टीव्ही बघतात. टेबलावरचे सगळे हसले. रॉनीही हसली, म्हणजे तिने तोंड तसं केलं.

फिलिसचं मत उलट होतं आणि ते तिने सोमवारी रॉनीच्या टेबलावर बसून दिलं. फिलिस साठीची, बुटकी, आणि तिला खुर्चीत बसून बोलता येत नाही.

"हॅलोरन वाईट नाही. मी तिथलीच. पण तुझे मार्क बघता हॅलोरनवाले तुझ्यासाठी पायघड्या घालतील. आत्ता घालतील, साधा अर्ज केलास तरी मार्चमध्ये घालतील. त्यांना शब्द कशाला द्यायचा? शब्द द्यायचा तो जिथलं दार जड आहे तिथे. ब्रेडवेलला दे. शिवाय तिथे पोरं शिकता शिकता खऱ्या लोकांच्या केसेस लढवतात. औषध नाकारलेल्यांच्या, पेन्शन नाकारलेल्यांच्या. तुझ्यासारखीला अजून काय पाहिजे?"

"बरं."

"बरं काय बरं! तुला काय वाटतं?"

"दोन्ही छान आहेत, फिलिस. तुम्ही म्हणताय ते बरोबरच आहे."

फिलिसने कपाळाला हात लावला. "मी पस्तीस वर्षं वकिली केली. विरुद्ध बाजूचा इतक्या लवकर कबूल झाला की मला भीती वाटते."

अर्जासोबत दोन्ही कॉलेजांना एक पान लिहून हवं होतं. प्रश्न एकच, आमचंच कॉलेज का? रविवारी लेन बाहेरच्या खोलीत टीव्हीवरच्या पंचाला शिव्या घालत होता आणि रॉनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बाहेर गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरून पहिलं बर्फ यायला लागलं होतं. फिलिसचा मान ठेवायचा म्हणून तिने आधी ब्रेडवेलचं पान लिहिलं. थोर परंपरा, नामवंत प्राध्यापक, माझं पहिल्यापासूनचं स्वप्न. सगळं कॉलेजच्याच वेबसाइटवरचं. मग त्याचीच दुसरी प्रत काढून नावाच्या जागी हॅलोरन घातलं. दोन्ही पानं वाचली तेव्हा दोन्ही तितकीच चांगली वाटली, म्हणजे काहीच वाटलं नाही. पलंगाच्या सुनावणीबद्दल लिहावं असं एकदा डोक्यात आलं होतं. पण त्यात काय सांगायचं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

मग तिने निर्णय घेतला. हॅलोरन. का, तर हॅलोरनला पाठवलं की आत्याची कटकट नाही, बापाची सोय लागते, आणि फिलिसचा राग दुपारच्या कॉफीपर्यंतच टिकतो. ज्यात कमीत कमी बोलावं लागेल ते तिने निवडलं. शब्द देते म्हणून खूण केली, सही केली, पान जोडलं, पाठवलं आणि लेनसाठी बिनमिठाचं सूप चढवायला उठली.

जोडलेलं पान ब्रेडवेलचं होतं.

पुढे क्लबात ही गोष्ट सांगताना लोकांनी तिला झालर लावली. तिच्या अंतर्मनानेच म्हणे ते पान निवडलं! कसलं अंतर्मन घेऊन बसलात? दोन फाइली शेजारी शेजारी होत्या आणि बाईचं लक्ष नव्हतं. कायद्याच्या कॉलेजला अर्ज करणाऱ्यांत ही चूक सर्दीइतकी सर्रास आहे.

फोन आला तो बुधवारी दुपारी. रॉनी तेव्हा लेनला जेवायला घालायला घरी आली होती.

"मिस काच्मारेक का? मी हॅलोरनच्या प्रवेश ऑफिसातून टिंडल बोलतेय. बसल्या आहात ना तुम्ही?"

"उभी आहे. सूप गरम करतेय."

"मग आधी गॅस बंद करा. हं. तर तुम्ही आम्हाला शब्द दिलाय, आम्ही घेतलं तर आमच्याकडेच येणार म्हणून. आणि सोबतच्या पानात, ब्रेडवेलला जायचं तुमचं पहिल्यापासून स्वप्न होतं, असं लिहिलंय. एकदा नाही, चार-चारदा."

रॉनीने डोळे मिटले. "चुकीचं पान जोडलं गेलं."

"ते कळलं हो मला. दर नोव्हेंबरला असे काही निघतातच. मागे एकाने आमच्या समुद्रकिनाऱ्याची तारीफ केली होती. पिट्सबर्गला समुद्र! त्याला घेतलं आम्ही, बिचारा चांगला निघाला."

"मी बरोबर पान पाठवते."

"पाठवा की. उद्या संध्याकाळी मुदत संपते. तोवर पान बदलता येईल, अर्ज मागेही घेता येईल. नंतर मात्र शब्द पक्का. आणि एक बोलू? राग मानू नका. नाव चुकलं त्याचं मला काही नाही वाटलं. पण त्या पानात ब्रेडवेलच्या जागी आमचं नाव घातलं, नाहीतर आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचं घातलं, तरी बाकी एक शब्द बदलायला नको. मार्क बघितले मी तुमचे. एवढे मार्क मिळवणारी बाई त्या पानात मला कुठे सापडलीच नाही."

"छान," रॉनी म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, पण तोवर बाईंनी नमस्कार करून फोन ठेवला होता.

लेन टेबलाशी बसून सगळं ऐकत होता. "काय झालं?"

तिने सांगितलं. लेनचे खांदे हलायला लागले आणि मग तो खदखदून हसला. "म्हणजे लग्न एकीशी आणि केकवर नाव दुसरीचं!" हसता हसता त्याला ठसका लागला. रॉनी तीन ढांगांत त्याच्याजवळ पोचली, एक हात पाठीवर, दुसऱ्या हातात पाणी. "हळू. छातीत दुखतंय का? डाव्या हाताला मुंग्या?"

लेनने तिचा हात झटकला. "हसतोय मी, रॉनी. माणसं हसतात कधीकधी."

तिने सूप वाडग्यात ओतलं आणि ट्रेमध्ये ठेवून त्याच्या पुढ्यात आणलं. लेनने ट्रे दोन्ही हातांनी दूर सारला.

"ब्रेडवेललाच पाठव ना मग."

"आणि तुझ्याकडे कोण बघणार?"

"कोणी बघायला नकोय मला!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की त्याचा तोच दचकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईच्या गोळ्यांचा डबा तू माझ्यासाठी काढलास. तिची ती आंघोळीची खुर्ची परत आणून बाथरूममध्ये ठेवलीस. माझ्या गाडीची किल्ली कुठे लपवलीयस? रोज सकाळी दारात येऊन उभी राहतेस, माझा श्वास चाललाय का बघायला. मी जागा असतो. तू जाईपर्यंत डोळे मिटून पडून राहतो. मला काहीही झालेलं नाहीये. म्हातारा झालोय, बस. पण तू मला हळूहळू तिच्या पलंगावर नेऊन निजवतेयस."

रॉनीचे कान तापले. पलंग परत पाठवला तेव्हा तापले नव्हते, मार्क कळले तेव्हा तापले नव्हते. आता तापले.

"मग काय करू मी? नऊ वर्षं हेच केलं! मला दुसरं काही येतच नाही आता!" तिचा आवाज चढत गेला, आणि तो चढतोय याचंच तिला नवल वाटत होतं. "आणि तू रे? तू कुठे होतास? आई विचारायची, लेन कुठाय? मी सांगायचे, येतोय, येतोय. आणि तू क्लबात! बोलिंगला! उचलायला मी, पुसायला मी, भरवायला मी, आणि तू दारातून हात हलवून जाणार. पाहुणा होतास तू या घरात!"

"हो."

"हो काय?"

"हो. होतो क्लबात. मला बघवत नव्हतं." लेन टेबलाच्या पृष्ठभागावरून अंगठा फिरवत होता. "तुला जमत होतं, म्हणून मी सगळं तुझ्यावर टाकलं आणि पळालो. भित्रा माणूस आहे मी. आणि ऐक, तू इथे राहिलीस ना, तर मी पुन्हा तेच करणार. आज नाही, पण उद्या खरंच काही दुखायला लागलं की सगळं तुझ्यावर टाकीन आणि तुलाच म्हणेन, तुला पाहिजे ते कर."

रॉनीने सूप वाडग्यासकट सिंकमध्ये टाकलं. वाडगा फुटला. ती कोट न घालताच बाहेर जाऊन गाडीत बसली. तिला राग आला होता. तो राग आहे हे ओळखायलाही तिला थोडा वेळ लागला. बापाचा राग, आत्याचा राग, विमा कंपनीचा, कोलंबसच्या त्या पोराचा. आणि आईचाही, इतक्या सावकाश गेली म्हणून. हा शेवटचा राग आला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली, पण म्हणून तो गेला नाही. काचेवर बर्फ साचून बाहेरचं काही दिसेनासं झालं तेव्हा तिने वायपर लावला आणि ऑफिसला गेली. त्या दिवशी तिने फाइली इतक्या जोरात आपटल्या की फिलिसने आपल्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी गाडीची किल्ली लेनच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवून ती निघाली.

ऑफिसात तिने नवं पान उघडलं. आमचंच कॉलेज का? तिने लिहिलं, "तुमचं कॉलेज माझ्या घरापासून लांब आहे, हे पहिलं कारण." पुढचं मग आपोआप आलं. कूस बदलता न येणारी बाई आणि तिची गरज सिद्ध होत नाही असं सांगणारा कागद. सुनावणीत समोरच्या माणसाला तिने विचारलं होतं, तुम्ही शेवटचं किती वेळ एका कुशीवर पडून राहिलात? तो गप्प बसला तेव्हा तिला काय वाटलं होतं, तेही लिहिलं. खूप बरं वाटलं होतं. आई घरी कण्हत पडलेली असताना तिला तिथे उभं राहून आयुष्यात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं होतं, आणि तसं पुन्हा वाटावं असं तिला वाटत होतं. तुमच्याकडे अशा केसेस विद्यार्थ्यांच्या हातात देतात, म्हणून तुमचंच कॉलेज. जेवायला न उठता तिने ते लिहून संपवलं.

फिलिसने चष्मा डोक्यावर सारून वाचलं, मग खाली ओढून परत वाचलं.

"पहिलं वाक्य काढ."

"नाही काढणार."

"अगं, ते लोक म्हणतील..."

"म्हणू देत. नाही काढणार, फिलिस."

फिलिसने चष्मा परत डोक्यावर सारला. "ये गं ये," ती म्हणाली. "कुठे होतीस इतके दिवस?"

रॉनीने पिट्सबर्गला फोन लावला. टिंडलबाईंनी अर्ज मागे घेतल्याचं लिहून घेतलं आणि विचारलं, "ब्रेडवेल ना? बघा, तिथली काही खात्री नसते. ते जड दार आहे. त्यांनी नाही म्हटलं तर आमच्याकडची फीमाफीही हातची गेलेली असेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"आता तुमचा आवाज तरी येतोय," बाई म्हणाली. "जा. शुभेच्छा."

दुपार कलायच्या आत रॉनीने ब्रेडवेलच्या अर्जावर खूण केली, सही केली, जोडलेलं पान तीनदा उघडून बघितलं आणि पाठवलं. पाठवल्यावर तिला भीती वाटली. नाही घेतलं तर? घेतलं तर? दोन्हीची सारखीच.

संध्याकाळी उशिरा घरी गेली तेव्हा लेन स्वयंपाकघरात बसला होता. सिंकमधल्या फुटक्या वाडग्याचे तुकडे त्याने उचलले होते आणि बोटाला पट्टी होती. तिने ती बघितली आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

"पाठवलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"ब्रेडवेलला. शब्द दिला."

लेनने मान डोलावली. "चांगलं केलंस." मग त्याने विचारलं, "गाडीने किती लागतात म्हणालीस?"

"नऊ तास. रस्त्यात बर्फ नसलं तर."

"नऊ," लेन म्हणाला. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड हातांत धरलं. रॉनीला वाटलं, हसतोय. पण तो रडत होता. डोलोरेसच्या दफनाला तो रडला नव्हता, एवढ्या वर्षांत रॉनीने त्याला कधीच रडताना बघितलं नव्हतं. ती पाणी आणायला गेली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. कोट अंगात तसाच ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली. तिला वाईट वाटत होतं. खरंखुरं वाईट, बापाचं आणि आईचं आणि स्वतःचंही, आणि मग तिचेही डोळे वाहायला लागले.

"तूच म्हणालास ना, जा म्हणून."

"म्हणालो. ते खरंच होतं." त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. "आता मागे घेता येतं का ते?"

"नाही. मुदत संपली. त्यांनी घेतलं तर जावंच लागेल."

"बरं झालं," लेन म्हणाला. "नाहीतर मी आत्ता तुला थांब म्हणालो असतो."